उपासाचा रिपोर्ट

सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या एका लॅबमध्ये महेश्वरी गेली एकवीस वर्षं लोकांचं रक्त काढतेय. बाजारात एखादी बाई ओळखीचं हसली तर हिला तिचं नाव आठवत नाही. पण तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली की लगेच आठवतं, ही डाव्या हाताची, हिची शीर सुईखालून पळते. लॅबमध्ये सगळे म्हणतात, बाईचा हात हलका आणि जीभ तिखट. ते खरं आहे. सुई बघून रडणाऱ्या पुरुषांना ती ज्या शब्दांत गप्प करते ते शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत.

एकोणिसाव्या वर्षी तिला नातेपुत्याला दिली होती. पाच वर्षांत मूल झालं नाही. तपासण्या हिच्याच झाल्या, त्याही तीन-तीन वेळा. शेवटी डॉक्टरांनी नवऱ्याच्या नावची चिठ्ठी लिहून दिली. ती त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली आणि शर्ट धुवायला टाकला. तो शर्ट महेश्वरीनंच धुतला. पुढच्या दिवाळीला माहेरी आली ती परत गेलीच नाही. लॅबचा कोर्स केला, शेळगीत एक खोली घेतली आणि कामाला लागली. कुणाच्या अंगातलं काय बिघडलंय ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि ज्यानं तपासायला पाहिजे तोच नेमका तपासत नाही, एवढं शिक्षण तिला नातेपुत्यानं फुकटात दिलं होतं.

ती नवी होती तेव्हा लहान मुलं यायची ती पांढरीफटक, काटकुळी. रक्त कमी, जंत, टायफॉईड. आता मुलं येतात ती खुर्चीत मावत नाहीत. दहा-बारा वर्षांची पोरं, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असतं रक्तातली चरबी, तीन महिन्यांची सरासरी साखर, यकृत. लॅबच्या मालकीण डॉक्टर अनिसा मॅडम एकदा सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणाल्या होत्या, "पूर्वी हे आकडे चाळिशीच्या माणसांचे असायचे. हृदयाला काय होणार ते आता पाचवीतल्या मुलाच्या रक्तात दिसतं, आणि घरचे म्हणतात, वाढत्या अंगाचा आहे." महेश्वरीनं ते ऐकलं आणि ते तिच्या डोक्यातून जाईना. कारण असंच एक पोर तिच्या भावाच्या घरी होतं.

भाऊ मृत्युंजय तिच्याहून पाच वर्षांनी लहान. बाळीवेशीत त्याची बेकरी आहे. खारी, टोस्ट, क्रीमरोल, संध्याकाळी गरम पॅटिस. बेकरीच्या वर घर. त्याची बायको वैजयंती अक्कलकोटकडची. बाई कामसू, देवभोळी, आणि एका दुःखानं पार घाबरून गेलेली. तिचं पहिलं मूल चार महिन्यांचं असताना गेलं. किडकिडीत होतं, अंगाला काही लागायचंच नाही. त्यानंतर तीन वर्षांनी पिंकी झाली, पावणेचार किलोची. त्या दिवसापासून वैजयंतीनं ठरवलं, हे लेकरू वाळू द्यायचं नाही. पिंकीचं बाळसं कधी उतरलंच नाही. रांगायला लागली तरी नाही, शाळेत गेली तरी नाही. अकराव्या वर्षी तिचं वजन एकसष्ट किलो होतं.

त्या घरात 'जाड' हा शब्द चालत नसे. अंगानं भरलेली म्हणायचं, खात्यापित्या घरची म्हणायचं. जाड म्हटलं की दृष्ट लागते. आणि म्हणणारी बाई पोटी मूल नसलेली असेल तर मग विचारूच नका. हे महेश्वरीला तोंडावर कुणी कधी सांगितलं नाही, पण पिंकीला मांडीवर खेळवून ती घरी गेली की वैजयंती मागून मीठ-मोहऱ्या ओवाळते, हे तिला पोरीकडूनच कळलं होतं. "आत्या, तू गेलीस की आई माझी दृष्ट काढते," असं पिंकी पाच वर्षांची असताना हसत हसत सांगून गेली. महेश्वरी त्या दिवशी घरी जाऊन ढसाढसा रडली. मग तिनं तोंडाला कुलूप लावलं. पोरीला बघायला मिळतंय तेवढं मिळू दे, एवढाच तिचा हिशेब होता.

कुलूप उघडलं ते पिंकीच्या मानेमुळं. एका रविवारी महेश्वरी गेली तर वैजयंती पोरीला पाटावर बसवून तिची मान वजरीनं घासत होती. टाचा घासायची वजरी. मान लालभडक झालेली आणि पिंकी दात आवळून बसलेली.

"काय करायलीस गं?" महेश्वरी ओरडलीच.

"मळ बघा की कसला बसलाय अक्का. डाळीचं पीठ लावलं, लिंबू लावलं, निघंनाच झालाय. शाळेतली बाई म्हणाली, आंघोळ करती का न्हाय."

महेश्वरीनं वाकून पाहिलं. मानेच्या घडीत काळी, जाडसर, मखमली पट्टी. काखेतही तीच. हा मळ नव्हता. अंगात इन्सुलिन नको इतकं वाढलं की कातडी अशी काळी पडते, हे तिनं अनिसा मॅडमकडून शंभर वेळा ऐकलं होतं.

"वैजयंती, ही घाण न्हाय. वजरी ठेव खाली. हिचं रक्त तपासू या एकदा."

"कशाला? काय झालंय तिला?"

इथं महेश्वरीनं जन्मात पहिल्यांदा शब्द तोलून वापरला. म्हणाली, "काही झालं न्हाय. होऊ नये म्हणून." आणि मृत्युंजयकडं अशा नजरेनं बघितलं की त्याला मान हलवावी लागली. "अक्का म्हणती तर करून टाकू की," तो म्हणाला. वैजयंतीचा चेहरा उतरला, पण तिनं वजरी बाजूला ठेवली.

संध्याकाळी महेश्वरीनं फोन केला. "उद्या सकाळी साडेसातला आण तिला. उपाशी पाहिजे हां."

"उद्या सोमवारच हाय की अक्का," वैजयंती म्हणाली. "सिद्धेश्वराचा उपास असतोय माझा. पिंकी पण धरती माझ्यासंगं."

"मग बरंच झालं," महेश्वरी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

लॅबमध्ये ती प्रत्येकाला एकच वाक्य सांगते. रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही नाही, चहा नाही, दूध नाही, बिस्कीट नाही, उपासाचं पण नाही. ते शेवटचे तीन शब्द तिनंच जोडलेले आहेत, कारण उपाशी या म्हटलं की सोलापुरात चार माणसं साबुदाणा खाऊन येतात. एकवीस वर्षांत हे वाक्य सांगायचं तिच्याकडून एकदाही राहिलं नव्हतं. पण घरच्यांशी बोलताना माणूस लॅबची भाषा बोलत नाही. शिवाय वैजयंतीनं हो म्हटलं याचाच तिला इतका आनंद झाला होता की पुढचं काही सुचलं नाही. हे तिनं स्वतःला आजपर्यंत माफ केलेलं नाही.

सोमवारी लॅबमध्ये जत्रा असते. मृत्युंजय पिंकीला घेऊन आला, ती खुर्चीत बसली. महेश्वरीनं दंडाला पट्टा बांधता बांधता विचारलं, "उपाशी ना?" "हो आत्या, उपास हाय," पिंकी म्हणाली. एका टोचण्यात रक्त आलं. पोरगी हूं की चूं करेना.

अर्ध्या तासानं नळ्या यंत्रातून फिरून बाहेर आल्या. लाल रक्त खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं, त्यातून पलीकडचं दिसलं पाहिजे. पिंकीच्या नळीतलं पाणी दुधट होतं, म्हणजे चरबीनं भरलेलं. महेश्वरीनं नळी उजेडात धरली. तिनं तिथूनच फोन लावला. "वैजयंती, सकाळी काय दिलंस पोरीला?"

"काहीच न्हाय, उपासच तर हाय. जरा खिचडी, दोन केळी, राजगिऱ्याचा लाडू. आणि दूध. रिकाम्या पोटी रक्त काढल्यावर चक्कर यायची, म्हणून साखर जरा जास्तच घातली."

महेश्वरीनं कपाळावर हात मारून घेतला. आकडे आले. रक्तातली चरबी तीनशेच्या पुढं, साखरही वर. अनिसा मॅडमनी खाली शेरा मारला, नमुना उपाशीपोटी घेतलेला नाही, पुन्हा तपासावे. मग महेश्वरीला बोलावून म्हणाल्या, "चरबी आणि साखर खिचडीनं वाढली असेल, मान्य. पण तीन महिन्यांची साखर सहा पूर्णांक एक आहे. यकृताचा आकडा दुप्पट आहे, आणि चांगलं कोलेस्टेरॉल जेमतेम एकतीस. हे एका सकाळच्या खाण्यानं होत नाही. घरच्यांना नीट सांग."

तिनं सांगितलं. बेकरीच्या गल्ल्याशेजारी उभं राहून, एकेका आकड्यावर बोट ठेवून सांगितलं. वैजयंतीनं फक्त शेऱ्यावर बोट ठेवलं.

"हितं काय लिवलंय? पुन्हा तपासा. म्हणजे चुकलाय ना रिपोर्ट?"

"अर्धा चुकलाय. माझ्या चुकीनं. अर्धा बरोबर हाय."

"रिपोर्ट अर्धा बरोबर असतो व्हय अक्का?" वैजयंती हसली. त्या हसण्यात सुटका होती. बाईच्या छातीवरचा धोंडा उतरला, हे महेश्वरीला स्पष्ट दिसलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला. सुटायला वाट हवी होती आणि ती वाट हिनंच काढून दिली होती. मृत्युंजयनं कागद घडी करून देव्हाऱ्याखालच्या खणात टाकला. त्याच दिवशी तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या तव्यावर तडतडल्या असणार.

मग सुरू झालं टाळणं. परवा या, तर परवा शाळेत कार्यक्रम. पुढच्या आठवड्यात, तर पाहुणे. गड्ड्याची जत्रा झाली की, परीक्षा झाली की. महेश्वरी विषय काढायची आणि मृत्युंजय हसून म्हणायचा, "आला बघा उपासाचा रिपोर्ट." घरात तो विनोदच होऊन बसला. कुणाचं काही फसलं, दूध नासलं, फटाका फुटला नाही, की उपासाचा रिपोर्ट. एकदा पाहुण्यांसमोर म्हणाला आणि सगळे खो खो हसले. पिंकीही हसली, हातात क्रीमरोल धरून. महेश्वरीही हसली. न हसून सांगते कुणाला? आठ महिने असेच गेले, आणि त्या आठ महिन्यांत पोरीचं वजन सात किलोनं वाढलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी महेश्वरी लॅबचं शटर वर करत होती, तर पायरीवर पिंकी. एकटी, घामाघूम. बाळीवेशीतून चालत आली होती.

"आत्या, काल रात्री आठपासून काही खाल्लं न्हाय. दूध पण न्हाय. उपासाचं पण न्हाय," ती धापा टाकत म्हणाली. "आई झोपली होती, तवा निघाले. रक्त काढ."

"कुणी सांगितलं तुला यायला?"

"कुणीच न्हाय. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसत न्हाय. म्हणतात मान काळी हाय, वास येतो. आई रोज घासती, लई आग होती." तिनं ओढणी बाजूला केली. मानेवर खरचटून खपल्या धरल्या होत्या. "रक्तात कळतंय ना आत्या, मी घाण हाय का न्हाय ते?"

महेश्वरी त्या पायरीवर तिच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "तू घाण न्हाईस. तुझ्या रक्तात एक गोष्ट जास्त झालीय, ती मानेवर दिसायलीय. ती कमी होती, पण आधी मोजावी लागती."

लहान मुलाचं रक्त पालकाच्या सहीशिवाय काढायचं नाही, हा लॅबचा नियम. महेश्वरीनं मृत्युंजयला फोन लावला, तीनदा. तो भट्टीपाशी असणार, उचलला नाही. वैजयंतीला लावला नाही. वैजयंती काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं, आणि एकदा नाही म्हटल्यावर काढता आलं नसतं. तिनं फॉर्मवर पालकाच्या जागी स्वतःची सही केली आणि नात्यापुढं आत्या असं लिहिलं. ही लबाडी आहे हे तिला कळत होतं. पुन्हा वेळ आली तरी ती तीच करणार होती.

अनिसा मॅडम आल्या, त्यांनी फॉर्म पाहिला आणि त्या भडकल्या. "उद्या तुझ्या भावानं तक्रार केली तर मी काय सांगू?" महेश्वरी म्हणाली, "माझं नाव सांगा." मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, मग पिंकीच्या मानेकडं पाहिलं आणि नळी हातात घेतली.

या वेळी आकडे स्वच्छ होते, म्हणजे वाईट होते. उपाशीपोटी साखर एकशे नऊ. चरबी दोनशे एकेचाळीस. चांगलं कोलेस्टेरॉल तीस. यकृत आधीपेक्षा वर, तीन महिन्यांची साखर सहा पूर्णांक तीन. अजून मधुमेह म्हणता येत नाही, पण उंबऱ्यावर आलाय, असं मॅडम म्हणाल्या. अकरा वर्षांच्या पोरीच्या.

महेश्वरी पिंकीचा हात धरून बेकरीत गेली. तोपर्यंत घरात शोधाशोध होऊन रडारड झाली होती. वैजयंतीनं पोरीला ओढून घेतलं, दंडावरची पट्टी बघितली आणि तिच्या सगळं ध्यानात आलं.

"चोरून रक्त काढलं माझ्या लेकराचं?"

"स्वतः आली ती. चालत आली. का आली ते विचार तिला."

"एक गेलंय माझं, अक्का!" वैजयंती किंचाळली. गिऱ्हाइकं थबकली. "तुमाला काय कळणार? एक गेलंय, आणि हिच्यावर तुमची पहिल्यापासनं नजर हाय. कवा बघावं तवा ही अशी, हिची मान अशी, हिचं वजन असं. एवढं कोण मोजतंय दुसऱ्याचं लेकरू? ज्याला न्हाय त्योच मोजतोय!"

महेश्वरीनं आयुष्यात पुष्कळांना उत्तरं दिली होती. हे वाक्य मात्र अर्धं खरं होतं. होय, मोजत होती ती. तिला नव्हतं म्हणूनच मोजत होती. तिनं रिपोर्ट गल्ल्यावर, खारीच्या बरणीशेजारी ठेवला आणि मृत्युंजयला एवढंच म्हणाली, "या वेळी त्यावर शेरा न्हाय. वाचून बघ." आणि निघाली.

त्यानंतर अडीच महिने कुणाचा फोन नाही. हिनं केले ते उचलले गेले नाहीत. श्रावणातला पहिला सोमवार बोलावण्याविना गेला. पंचमीला दरवर्षी पिंकी तिच्याकडून मेंदी काढून घ्यायची. यंदा महेश्वरीनं मेंदीचा कोन आणला आणि तसाच ठेवून दिला.

मग एके दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, मृत्युंजय लॅबमध्ये आला. खिडकीपाशी गिऱ्हाइकासारखा उभा राहिला.

"पुण्याला दाखवलं," तो म्हणाला. "लहान मुलांच्या मोठ्या डॉक्टरांना. खाणं बांधून दिलंय, गोळी न्हाय अजून. रोज चालायला सांगितलंय. साडेतीन किलो उतरलं बघ. मान पण जराशी निवळलीय."

"देवा सिद्धेश्वरा," महेश्वरी एवढंच म्हणाली आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

"डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आणखी दोन-तीन वर्षं गेली असती तर अवघड होतं."

"वजरी?"

"टाकून दिली."

"मग मी येते रविवारी. पोरीला बघून जाते नुसतं."

मृत्युंजय खाली बघायला लागला. "आत्ताच नको अक्का. वैजयंतीचं डोकं... ती म्हणती, अक्कानं चोरून रक्त काढलं तवापासनंच पोरीला हे दुखणं लागलं. आधी काही नव्हतं, म्हणती. चांगली अंगानं भरलेली होती."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मला त्या घरात राहायचंय की गं."

महेश्वरीनं खिडकीवरच्या चिठ्ठ्या एकावर एक रचल्या. तिनं एवढा वेळ आवरून धरलेला राग आला आणि गेला. राग धरून करायचं काय? पोरीचं वजन उतरत होतं. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्यातलं तिच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं.

"एक काम होतं," मृत्युंजय म्हणाला. "पुण्याच्या डॉक्टरांना तो पहिला उपाशी पोटाचा रिपोर्ट फाईलला लावायचाय. दर तीन महिन्यांनी त्याच्याशी ताडून बघणार म्हणे. ते कागद मागतात, आणि तो न्हाय."

"दिला होता की मी."

"फाडला तिनं. त्याच्यावर खाली तुझं नाव होतं ना, रक्त घेणाऱ्याचं. म्हणाली, हे नाव माझ्या लेकराच्या कागदावर नको. मी पुण्याला मोबाईलमधला फोटो दाखवून भागवलं. आता दुसरा काढून दे." तो जरा घुटमळला. "तेवढं नाव काढून देता येईल का?"

हा महेश्वरीचा भाऊ. याला तिनं बोट धरून शाळेत सोडलं होतं. नाही म्हणावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण नाही म्हटलं तर तो कागदाशिवाय जाणार, फाईलमध्ये पहिल्या आकड्याची जागा रिकामी राहणार, आणि तीन महिन्यांनी कुणी म्हणालं आता बरी आहे, सोडा आता, तर ताडून बघायला काही नसणार.

ती अनिसा मॅडमकडं गेली आणि काय हवंय ते सांगितलं. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं, उठून स्वतः पासवर्ड टाकला. महेश्वरीनं पिंकीचं कागदावरचं नाव शोधलं, गिरिजा मृत्युंजय, वय अकरा. आकडे एकदा वरून खाली वाचले, सगळे जागेवर होते. मग खाली जाऊन स्वतःचं नाव एकेक अक्षर करून पुसलं आणि छापायला दिलं.

मृत्युंजयनं कागद घेतला. आकड्यांकडं बघितलंच नाही. खालची रिकामी ओळ नीट निरखून पाहिली आणि म्हणाला, "आता ठेवील ती."